दार-ए-सलाममध्ये कंडक्टरला दादा म्हणू नकोस

तुझा मेसेज वाचला, नोकरीसाठी टांझानियात, दार-ए-सलामला चाललीस तर. ऑफिसातल्या लोकांनी सांगितलंय ना, डालाडालात, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, पाय ठेवू नकोस, कंपनीची गाडी आहे? मलाही हेच सांगितलेलं, आणि मी शहाण्यासारखं ऐकलं, सहा महिने प्रत्येक रविवारी उपांगा भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून खालून जाणारी माणसं बघितली. तू तसं करू नकोस बाई.

आधी भाषेची एक गंमत. आपण रिक्षावाल्याला, कंडक्टरला सवयीने दादा म्हणतो. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण! मी एका चांगल्या मिशीवाल्या कंडक्टरला दादा दादा करत होते आणि अख्खी गाडी हसत होती. पुरुषाला 'काका' म्हणायचं आणि काका म्हणजे भाऊ, त्यामुळे वीस वर्षांच्या पोराला काका म्हणताना सुरुवातीला जीभ अडते, पण होते सवय. म्हाताऱ्या माणसाला 'शिकामू' म्हण, तो 'मराहाबा' म्हणेल आणि मग तुला कुठे उतरायचंय त्याची काळजी तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त.

आता डालाडाला. समोर दोन्ही टोकांची नावं असतात, म्वेंगे-पोस्टा वगैरे, आणि अंगावरचा रंगीत पट्टा रूटप्रमाणे बदलतो, म्हणजे लांबूनच कळतं. कंडक्टरला 'कोंडा' म्हणतात, तो मूठभर नाणी खुळखुळवत जवळ आला की समजायचं, पैसे काढा. सुट्टे ठेव, दहा हजार शिलिंगची नोट दाखवलीस तर तुझ्याकडे असा बघेल की तूच त्याचं काहीतरी देणं लागतेस. उतरायचं असलं की "शुशा!" असं मोठ्याने ओरड, लाजलीस तर पुढच्या स्टॉपवरून चालत ये.

म्वेंडोकासी, म्हणजे त्यांची स्वतंत्र लेनवाली बस, 2016 ला सुरू झाली, मोरोगोरो रोडवरून किमारा ते किवुकोनी. जाते भन्नाट पण सकाळी आत शिरणं म्हणजे दादरला फास्ट लोकल पकडणंच समज. आणि मार्च ते मे मोठा पाऊस असतो तेव्हा वाटेतल्या जांगवानीला पाणी तुंबतं, आपल्या हिंदमातासारखं, की ही बस बंद. त्या दिवसांत घरूनच चौकशी करून निघ.

रिक्षाला तिथे 'बजाजी' म्हणतात, कंपनी कुठलीही असो. पुण्याची मी, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आकुर्डीचा गेट डोळ्यासमोर आला. मीटर नसतो, बसायच्या आधी "बेई गानी?" विचारायचं, बसल्यावर नाही. बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, हेल्मेट नसेल तर सरळ नाही म्हण, आणि बसलीसच तर "पोलेपोले" म्हणत राहा, हळू हळू.

वेळेचं मात्र नीट लक्षात घे, इथे मी सपशेल फसले. स्वाहिली घड्याळ सहा वाजता सुरू होतं, आपण पूर्वी सूर्योदयापासून घटका मोजायचो तसंच. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक. मी एका बजाजीवाल्याला मोठ्या ऐटीत स्वाहिलीत सांगितलं, उद्या 'सा कुमी' ला ये, म्हणजे माझ्या मते दहा वाजता. मी एका लग्नाला जायला साडी नेसून दहाला खाली, तो आला दुपारी चारला, हसतमुख, अगदी वेळेवर! लग्नातलं जेवणसुद्धा संपलं होतं. तेव्हापासून आधी 'आसुबुही' म्हणजे सकाळ की 'जिओनी' म्हणजे संध्याकाळ तेही विचारून घेते. लांबच्या बसचं तिकीट काढतानाही हे विचारायचंच.

रात्री उशिरा मात्र हे सगळे प्रयोग नकोत, बोल्ट, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, मागव किंवा ओळखीचा टॅक्सीवाला ठेव. रस्त्यावरच्या टॅक्सीत वाटेत अजून कोणी "मित्र" चढायला लागला तर लगेच उतर, भाडं गेलं तर गेलं. चालताना पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर नको, बाइकवरून ओढतात. फोन खिडकीपाशी धरून आईशी व्हिडिओ कॉल पण नको, तिला मी समजावते.

आता पहिल्या रविवारी सकाळी, गर्दी नसताना, पोस्टाहून म्वेंगेच्या डालाडालात बस आणि शेवटपर्यंत जा. तिथे लाकडी कोरीवकामाचं मार्केट आहे. माझ्यासाठी एक छोटा हत्ती बघून ठेव, आणि किंमत ऐकली की आधी हस, मग निम्मी सांग.