फिल्सनच्या ‘केंटकी’ची प्रत हाती घेण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

जॉन फिल्सनच्या, अमेरिकेतल्या केंटकी या मुलखावरच्या पुस्तकाची मूळ प्रत तुला पाहायला मिळणार आणि तिच्यावर टिपण लिहायचं आहे, हे वाचून फार आनंद झाला. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला जेम्स ॲडम्सच्या छापखान्यात १७८४ साली छापलेलं, जेमतेम सव्वाशे पानांचं हे पुस्तक. त्या मुलखावरचं पहिलंच. पुढच्याच वर्षी पॅरिसला त्याचं फ्रेंच भाषांतरही निघालं.

प्रत समोर आली की लगेच वाचायला बसू नकोस. आधी नकाशा आहे का ते बघ. तो पुस्तकासोबत नव्हे, फिलाडेल्फियात वेगळा छापला गेला. तांब्याच्या पत्र्यावर तो हेन्री पर्सेलने कोरला होता. बहुतेक प्रतींत आज तो सापडत नाही, म्हणून नकाशासकट असलेल्या प्रतीची किंमत एकदम वर जाते आणि म्हणूनच पुढे कुणीतरी प्रतिकृती आणून बसवली असण्याची शक्यताही असते. कागद उजेडापुढे धर. हातकागद असेल तर साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसतील. मग दिवा एका बाजूने तिरपा ठेव. पत्रा दाबला गेल्याची खोलगट चौकट कडेला उमटलेली असते. ती नसेल तर शंका घे, पण कडा छाटल्या गेल्या आहेत का तेही बघ. घडीवर फाटून मागून पट्टी डकवलेली असेल तर हिरमुसू नकोस, तसं स्पष्ट लिही.

आता मजकूर. या पुस्तकाचं नाव राहिलं ते त्यातल्या डॅनिएल बून या केंटकीतल्या शिकाऱ्याच्या आत्मकथनामुळे. ‘मी’ म्हणून बोलतो तो बून; शब्द मात्र फिल्सनचे. बूनच्या हातची पत्रं उपलब्ध आहेत, त्यातलं वेडंवाकडं शुद्धलेखन एकदा पाहा. मग डोंगरकडे बघून पर्सेपोलिस आणि पाल्मिरा या प्राचीन नगरांचे भग्नावशेष आठवणारा हा ‘बून’ वाच. जंगलात हयात काढलेला शिकारी असं बोलणार नाही. असं लिहितो तो पेन्सिल्व्हेनियातला मास्तर, म्हणजे फिल्सन. पण म्हणून सगळंच खोटं ठरवू नकोस. मजकूर खरा असल्याचं बून आणि केंटकीतले सुरुवातीचे वसाहतवाले लेवी टॉड व जेम्स हॅरड यांचं प्रशस्तिपत्र १२ मे १७८४ च्या तारखेने पुस्तकातच छापलंय. टिपणात मात्र ‘बून म्हणतो’ असं लिहिण्याआधी दहादा विचार कर.

याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे. फिल्सनने केंटकीत हजारो एकरांवर हक्क नोंदवले होते. वस्ती वाढली की जमिनीचा भाव चढणार. काळी कसदार माती, मुबलक पाणी, मिठाचे झरे अशी वर्णनं येतात तिथे लेखकाचा सातबारा डोळ्यांपुढे ठेव. आणि त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारे शॉनी या मूळ अमेरिकन जमातीचे लोक? १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वाय या दुसऱ्याच मूळ अमेरिकन जमातींच्या संघातल्या मंडळींनी ओहायो नदीच्या दक्षिणेची जमीन परस्पर इंग्रजांना देऊन टाकली. शॉनींना कुणी विचारलंच नाही. पुस्तकात त्यांचे हल्ले येतात, ही बाजू येत नाही. १७७८ मध्ये त्यांनी बूनला पकडलं, घरात पोरासारखं ठेवून घेतलं, आणि तो निसटला. हा भाग सावकाश वाच. शत्रूंबद्दलची आपुलकी तिथे फिल्सनच्या भरजरी भाषेतूनही डोकावते, आणि मला तो अख्ख्या पुस्तकातला सर्वांत खरा भाग वाटतो.

फिल्सनचा शेवट टिपणात दोन ओळींत सांग. १७८८ मध्ये ओहायोच्या उत्तरेला, आजच्या सिनसिनाटीजवळच्या रानात तो गेला तो परतलाच नाही. त्यावर कथा रचत बसू नकोस.

बांधणी मूळची आहे की नंतरची, कोऱ्या पानांवर कुणाची सही किंवा ग्रंथालयाचा शिक्का आहे का, हे पेन्सिलीने वहीत उतरवून घे. शाईचं पेन त्या टेबलावर नेऊच नकोस. नकाशा असला तर दोन्ही बाजूंचे फोटो परवानगी घेऊन काढ आणि मला पाठव. टिपण त्यानंतर लिहायला घे.

तुझा,
काका