गरीब देशात दोन आठवडे सर्जरी शिकवायला गेल्याने खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जनरल सर्जन आहात, पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्हा रुग्णालयात तिथल्या डॉक्टरांना शिकवायला दोन आठवडे जायची संधी आलीय, आणि हे सगळं स्वतःच्या समाधानापुरतं तर ठरणार नाही ना अशी शंका आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. अशाच कामासाठी त्या भागात जाऊन आलेय, म्हणून टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने उत्तर देते.

उपयोग होतो. अट एकच, त्या दोन आठवड्यांत ऑपरेशन करणारा हात तुमचा नसावा.

ऐकायला सोपं वाटतं, पण पाळणारे सर्जन मी फार थोडे पाहिले. एक नेहमीचं दृश्य सांगते. हर्नियाची केस. तिथला तरुण डॉक्टर उजवीकडे उभा आहे, हर्नियाची पिशवी (सॅक) वेगळी करतोय. हळू करतोय, पण ठीक करतोय. थोडं रक्त झिरपतं. समोरचे पाहुणे म्हणतात, "एक मिनिट, मी दाखवतो." नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा, इकडून तिकडे जातो आणि परत येत नाही. पुढच्या टाक्याला सिस्टर न विचारताच पाहुण्यांच्या हातात सुई देते. तिला कळलेलं असतं. तो डॉक्टर मग शेवटपर्यंत जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभा. संध्याकाळी त्याच्या लॉगबुकमध्ये त्या केसपुढे 'असिस्ट केलं' एवढंच पडतं. पाहुणे मात्र "आज सहा केसेस झाल्या" म्हणून खूश. त्यांचा हेतू वाईट नसतो. बाहेर रांग असते, वेळ थोडा असतो आणि स्वतःच्या हाताची सवय असते. रक्त खरंच आवरेनासं झालं तर ताबा घ्यायचाच, पेशंटच्या जिवावर शिकवणी नको. पण झिरपणं वेगळं आणि रक्तस्राव वेगळा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

थोडा हिशेबही पाहा. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने जागतिक शस्त्रक्रियेवरचा अहवाल दिला. जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना गरज पडेल तेव्हा सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी आणखी १४.३ कोटी शस्त्रक्रिया व्हायला हव्यात, असं त्यात म्हटलंय. या आकड्यापुढे तुम्ही दोन आठवडे रात्रंदिवस टेबलाशी उभे राहिलात तरी काय होणार? उलट तुमच्यासमोरचा डॉक्टर पुढची कित्येक वर्षं तिथेच कापणार आहे.

तिथेच राहील कशावरून, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. शिकलेला माणूस विमान धरून निघून जातो, ही भीती खोटी नाही. पण तो कुठे शिकला यावर बरंच अवलंबून असतं. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी मिळून १९९९ मध्ये सर्जनांचं एक कॉलेज काढलं, 'कोसेक्सा'. कार्यालय टांझानियातल्या अरुशाला, पण कॉलेजला स्वतःची इमारत-वर्ग असं काही नाही. मान्यता मिळालेल्या रुग्णालयांत, आपापल्या देशात काम करता करताच शिकायचं आणि परीक्षा द्यायची. २००७ पासून आयर्लंडचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स त्यांच्या सोबतीला आहे. तिथून बाहेर पडलेल्यांचा माग काढला तेव्हा सुमारे ८५ टक्के सर्जन ज्या देशात शिकले त्याच देशात काम करताना सापडले, आणि आफ्रिकेत राहिलेले तर ९० टक्क्यांहून जास्त. परदेशी फेलोशिपपेक्षा हा रस्ता मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट आधीच पचवून जा. तुमच्यासमोर उभा राहणारा माणूस एमबीबीएससुद्धा नसेल. अनेक देशांत जिल्ह्याच्या रुग्णालयातली बरीचशी सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात, म्हणजे डॉक्टर नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कर्मचारी. मोझांबिकने यादवी युद्ध चालू असतानाच, १९८४ मध्ये, डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षांचं सर्जरीचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. सात वर्षांनी पाहिलं तर त्यांतले ९० टक्क्यांच्या आसपास जिल्हा रुग्णालयांतच टिकून होते, आणि तिथेच नेमलेल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. सिएरा लिओनमध्ये तर हर्नियाची थेट तुलनाच झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरात हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण डॉक्टरांनी केलेल्या केसेसमध्ये ६.९ टक्के, आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या बिगर-डॉक्टरांच्या केसेसमध्ये ०.९ टक्के. पदवी बघून नाक मुरडणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं. इथिओपियात, अदिस अबाबाच्या फिस्टुला हॉस्पिटलमधल्या (फिस्टुला म्हणजे अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला किंवा गुदाशयाला पडणारं भोक) मामितू गाशे यांचं नाव ऐकलं नसेल तर जरूर वाचा. पेशंट म्हणून आल्या, मेडिकल कॉलेजची पायरी कधी चढल्या नाहीत, आणि पुढे फिस्टुलाच्या सर्जन म्हणून नाव कमावलं, इतरांना शिकवलंही.

काय शिकवायचं, याची निवड तुमच्या हातखंड्यावरून करू नका. तुमची लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून केलेली सर्जरी, कितीही सुरेख असो. जिल्हा रुग्णालयाची परीक्षा तीन गोष्टींवर होते: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरचा इलाज. पहिल्या दिवशी त्यांचं ऑपरेशन थिएटरचं (ओटी) रजिस्टर मागा आणि गेल्या महिन्यांतल्या केसेस वाचा. अभ्यासक्रम तिथेच लिहिलेला असतो.

सामानाचंही तेच. ब्रीफकेस भरून हर्नियावर बसवायची महागडी जाळी आणि धागे नेलेत तर ते संपल्यावर तुमची पद्धतही संपली. हर्नियाला मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरता येतं, हे दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी फार आधी करून दाखवलं होतं. २०१६ मध्ये युगांडातल्या चाचणीतही असं स्वस्त कापड बाजारातल्या महाग जाळीच्या तोडीस तोड ठरलं. कापड आणि ते निर्जंतुक करण्याची रीत ठरलेली हवी, वाटेल ती मच्छरदाणी कापून चालत नाही, हे ओघाने आलंच. देणगीतल्या यंत्रांबद्दल मी फार बोलत नाही. कोपऱ्यात चादर पांघरून उभी असलेली यंत्रं तुम्हाला दिसतीलच.

आता माझ्या बाजूचं, आणि याबाबतीत तुम्ही सर्जन मंडळी जरा विसराळू असता. एकट्या सर्जनला शिकवून काही होत नाही. त्याचा हात सुधारला की तो मोठ्या केसेस घेतो, केसेस लांबतात, आणि भूल देणारा माणूस होता तिथेच राहिलेला असतो. पुष्कळ ठिकाणी भूल नर्स किंवा क्लिनिकल ऑफिसरच देतात, केटामाइन हे भुलीचं औषध आणि स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन दिलेली भूल, यांवर सगळा कारभार. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. वीज गेली की तो थांबतो, आणि सिलिंडर भरलेला आहे की नाही हे त्या क्षणी शोधायचं नसतं. मी शिकवताना पहिले दोन दिवस फक्त पल्स ऑक्सिमीटरच्या आवाजावर घालवते. ऑक्सिजन उतरू लागला की 'टिक'चा सूर खाली खाली येतो. पडद्याकडे न बघता, औषध भरता भरता कानाने ते ओळखता आलं पाहिजे. आणि तो सूर उतरला की सर्जननेही हात थांबवून वर बघायला शिकलं पाहिजे. हे दोघांना एकत्रच शिकवावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मोठ्याने वाचून तपासायची यादी, २००८ ची. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं, आणि त्या आठांत टांझानियातलं इफाकाराही होतं. कागद भिंतीवर सगळीकडे असतो. तो मोठ्याने वाचणारी सिस्टर मात्र सर्जनला दबून असेल तर वाचत नाही. तुम्ही पहिल्या केसला चीर देण्याआधी थांबलात आणि "सिस्टर, वाचा" म्हणालात, तर ते सगळं थिएटर बघतं.

होकार देण्याआधी तीन-चार गोष्टी लेखी विचारा. त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी कोण करून देणार? माझ्यासमोर रोज कोण उभं राहणार, त्यांची नावं काय, आणि त्यांना त्या दिवसांत इतर ड्युटीतून सोडणार का? मी निघाल्यावर टाक्यांत पू झालेला पेशंट कोण बघणार? दोन आठवडे एकदाच, यापेक्षा त्याच रुग्णालयात पुन्हा पुन्हा जाता येत असेल आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर केसेसची चर्चा करायची तयारी असेल, तर मी डोळे झाकून हो म्हणेन. आणि भूल कोण देणार, हेही विचारून घ्या. उत्तर "ते बघू" असं आलं, तर तिकीट काढायची घाई करू नका.