वाचकांचे प्रश्न : ‘सारी गेलिन’ आणि न दिलेली मुलगी

प्रश्न : ‘सारी गेलिन’ हे तुर्की लोकगीत नुकतेच ऐकले. एक शब्दही कळला नाही, तरी डोळे भरून आले. हे निषिद्ध प्रेमाचे गीत आहे असे म्हणतात. त्यातील ओळींचा अर्थ सांगाल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एक शब्दही कळला नाही असे आपण लिहिता, परंतु यातील बरेच शब्द आपल्या घरातले आहेत. पूर्व तुर्कस्तानातील एर्झुरुमच्या बाजारात एक मुलगी हिंडते आहे आणि तिला पाहून प्रियकर म्हणतो, ‘एलिंदे दिवित कालेम, कात्लिमे फेरमान याझार’. दिवित म्हणजे आपली दौत, कालेम म्हणजे कलम, कात्ल हे आपल्या कत्तलीचे मूळ आणि फेरमान तर फर्मानच. हाती दौत-कलम घेऊन ती माझ्या वधाचे फर्मान लिहिते आहे, असा हा अर्थ. अरबी-फारसीतले हे शब्द तिकडे तुर्कीत रुळले आणि इकडे सुलतानांच्या दफ्तरांतून मराठीत उतरले.

मुलगा मुसलमान आणि मुलगी ख्रिस्ती, बहुधा आर्मेनियन, असे लोकपरंपरा सांगते. ‘गेलिन’ म्हणजे नवरी. तुर्कीत ‘सारी’ म्हणजे पिवळी, अर्थात सोनेरी केसांची. आर्मेनियनमध्ये त्याच उच्चाराचा अर्थ डोंगरातली असा होतो, आणि म्हणून गीत मूळचे कोणाचे हा वाद मिटत नाही. मला मात्र आझरबैजानी पाठातील एका क्रियापदाने अधिक अस्वस्थ केले आहे. तेथे कडव्याच्या आरंभी केसांचे टोक गुंफत नाहीत असे म्हटले आहे, आणि शेवटी येते ‘सेनी मेने वेर्मेझ्लेर’, म्हणजे तुला मला देत नाहीत. कोण देत नाहीत, हे गीत सांगत नाही. वेणीचा रिवाज ज्या क्रियारूपात सांगितला, त्याच क्रियारूपात एका माणसाच्या आयुष्याचा निकाल लागतो. तुर्कीतही मुलगी ‘देतात’, आपल्याकडेही देतात. त्यामुळे या ओळीचे मराठी करताना मला एकही शब्द शोधावा लागला नाही.

‘केरेम आणि आस्ली’ ही त्या मुलखातली जुनी प्रेमकथा. शायर ती साझ या लांब मानेच्या तंतुवाद्यावर गात आले आहेत. तिच्यात नकार देणाऱ्याला चेहरा आहे : आस्लीचा बाप आर्मेनियन धर्मगुरू आहे. अखेर तो लग्नाला होकार देतो, पण मुलीला मंतरलेला पोशाख घालतो. लग्नाच्या रात्री केरेम साझ वाजवीत एकेक गुंडी सोडवतो आणि शेवटच्या गुंडीपाशी येताच सगळ्या गुंड्या पुन्हा आपोआप लागतात. पहाटेपर्यंत हेच चालते. मग त्याच्या तोंडून एक उसासा निघतो, त्या उसाशाची ज्वाळा होते आणि तो जळून राख होतो. ती राख आस्ली आपल्या केसांनी गोळा करू लागते, तेव्हा राखेतल्या ठिणगीने तिचे केस पेट घेतात.