लेक भट्टीत वजन करणार, पुढं काय?

प्रश्न: आमचं हुपरीत चांदीचं काम. मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. सिरॅमिकमध्ये हायड्रोजन किती मुरतो ते मोजायचा प्रोजेक्ट घेते म्हणते. त्यापेक्षा बी.एड. कर म्हटलं तर रुसते. यात नोकरी आहे का? – एक पालक

नमस्कार. तुम्ही चांदीतले, त्यामुळं हे काम तुम्हाला पटकन समजेल. आटणीत घट किती आली ते तुम्ही काट्यावर बघता. लेक भट्टीत वाढ किती झाली ते बघणार.

बेरियम झिर्कोनेट या सिरॅमिकमध्ये झिर्कोनियमच्या शेकडा 20 जागी यिट्रियम घातलं की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. वाफ दिली की पाण्याचा रेणू तिथं शिरतो आणि त्याचे प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचे गाभे) एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारत फिरतात. 400 ते 600 अंशांवर चालणाऱ्या इंधन सेलसाठी (इंधनापासून थेट वीज बनवणारं साधन) लोक या सिरॅमिकमागं लागलेत ते यामुळंच. नमुना आधी कोरड्या वायूत कडक तापवायचा, मग ओलसर वायू सोडून टप्प्याटप्प्यानं थंड करत वजन बघायचं. 100 मिलिग्रॅमच्या नमुन्यात सगळ्या रिकाम्या जागा भरल्या तरी वजन वाढतं जेमतेम 0.66 मिलिग्रॅम!

आणि इथंच फसगत होते. बेरियम हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतं, त्याचा रेणू पाण्याच्या जवळजवळ अडीच पट जड. काटा वाढ दाखवतो, पण ती कशाची हे सांगत नाही. माझ्याकडं येणाऱ्या एका पोरानं आपल्या पावसाळ्यात पूड रात्रभर उघडी ठेवली आणि महिनाभराची आकडेवारी टाकून दिली. वायू बदलला की त्याची घनता बदलते, त्यानंही काटा हलतो. म्हणून रिकाम्या पात्राचं माप वेगळं घेऊन वजा करावं लागतं.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. 'प्रोटॉन सिरॅमिक पाहिजे' अशी जाहिरात कोल्हापुरात दिसणार नाही. पण टीजीए (तापवता तापवता वजन बघणारं हेच मशीन) आणि एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणं) स्वतःच्या हातानं चालवणारी मुलगी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये उपयोगी पडते. शिवाय वितळलेल्या ॲल्युमिनियमात हायड्रोजन राहिला की कास्टिंगला भोकं पडतात, हे फाउंड्रीवाल्या कुणालाही विचारा. तो हायड्रोजन मोजणाऱ्या सेन्सरमध्येही याच जातीचं सिरॅमिक असतं, इंडियम घातलेलं कॅल्शियम झिर्कोनेट.

संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढं 42,000. जागा थोड्या, अभ्यास रगड. बी.एड. नंतरही करता येतं.

प्रोजेक्ट घेऊ द्या. फक्त नाव देण्याआधी गाइडना विचारायला सांगा: टीजीएला ओला वायू सोडायची सोय आहे का, आणि मशीनवर पाळी कधी मिळेल? सोय इथं नसेल आणि दुसरीकडं नमुने पाठवायचंही ठरलेलं नसेल, तर विषय आत्ताच बदललेला बरा.