वाचकांचे प्रश्न : एका बागेची, एका सालाची शॅम्पेन

प्रश्न : भावाने फ्रान्सहून ‘क्लो दे ग्वास’ची २०१२ची बाटली आणली आहे. साध्या शॅम्पेनपेक्षा ती इतकी महाग का? लगेच उघडावी की ठेवावी? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बहुतेक शॅम्पेन ही अनेक गावांची द्राक्षं आणि दोन-चार सालांच्या वाइन मिसळून करतात. एका ठिकाणी गारपीट झाली, एखादं साल थंड गेलं, तर बाकीच्या वाइन ते सांभाळून घेतात. एकाच बागेच्या वाइनला हा आधार नसतो. त्या साली त्या उतारावर जे पिकलं तेच बाटलीत जातं.

‘क्लो दे ग्वास’ ही अशीच एक बाग, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या मारय-स्युर-आय गावात, कालव्याच्या वर आहे. क्षेत्र जेमतेम साडेपाच हेक्टर. खडूची जमीन, तोंड थेट दक्षिणेला आणि काही ठिकाणी चढ ४५ अंशांपर्यंत. उन्हाचा मारा सरळ बसतो, त्यामुळे थंड प्रदेश असूनही द्राक्ष पूर्ण पिकतं. मुख्य जात पिनो न्वार, जोडीला शार्दोने. फिलिपोना या शॅम्पेन करणाऱ्या घराण्याने ही बाग १९३५ साली घेतली आणि तिची वाइन वेगळी भरायला सुरुवात केली. एवढ्या चढावर प्रत्येक काम माणसाच्या हातानेच करावं लागतं. शिवाय साल छापलेल्या शॅम्पेनला कायद्याने किमान तीन वर्षं मुरवावं लागतं (साध्या शॅम्पेनला पंधरा महिने), आणि ही तर बाटलीत फेस तयार करणाऱ्या यीस्टच्या तळाशी बसलेल्या गाळावर त्याहून कितीतरी जास्त काळ पडून असते. पैसे जातात ते या मजुरीचे आणि या वर्षांचे.

आता मागचं लेबल वाचा. गाळ काढल्याची तारीख तिथे छापलेली असते, आणि आमच्या मते ती सालाइतकीच महत्त्वाची आहे. गाळावर असेपर्यंत वाइन संथ मुरते, कारण यीस्ट प्राणवायू शोषून घेतं. गाळ काढताना बाटली उघडते, थोडी हवा आत जाते आणि तिथून वाइनचं वय भराभर वाढतं. गाळ काढून सहा-आठ महिने झाले असतील तर वाइन स्थिरावलेली असते.

ठेवायचीच असेल तर दहा ते तेरा अंशांत, अंधारात आणि आडवी. ठाण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातलं कपाट म्हणजे तिचा घात : बूच आक्रसतं, फळाचा ताजेपणा जाऊन उकडलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. गारवा राखणारं वाइनचं कपाट घरी नसेल तर वर्षानुवर्षं जपण्याच्या फंदात पडू नका. फ्रिजमध्ये ठेवा आणि या दिवाळीत उघडा.

प्रश्न : वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवूनही उघडताच अर्धी बाटली फेसात गेली. – एक वाचक, नेरुळ

उत्तर : वीस मिनिटांत काच गार होते, मधली वाइन कोमटच राहते. कोमट वाइनमध्ये वायू धरून राहत नाही, दाब वाढतो. एरवीही आत पाच-सहा बार दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. त्यात बाटली हलली असेल तर फेस उसळणारच.

आदल्या रात्री फ्रिजमध्ये उभी ठेवा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून अर्धा तास; नुसत्या बर्फाचा काचेला नीट स्पर्श होत नाही. मग वरचा कागद काढा. तारेच्या जाळीला साधारण सहा अर्धे फेरे असतात. ती सैल करायच्या क्षणापासून अंगठा बुचावरून उचलू नका. जाळी काढली नाही तरी चालते, तिच्यासकट बूच धरा. बाटली तिरकी करा, तोंड कुणाकडे नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. शेवटी बूच वर यायला लागलं की त्याला उलट दाबा. ‘फुस्स’ एवढाच आवाज आला पाहिजे.

प्रश्न : ग्लासात बुडबुडेच दिसत नाहीत. वाइन खराब आहे का? – एक वाचक, वाशी

उत्तर : बहुधा ग्लासचा दोष. बुडबुडे उठतात ते काचेला चिकटलेल्या कापसाच्या, धुळीच्या सूक्ष्म तंतूंवर. भांडी घासायच्या साबणाचा पातळ थर राहिला की फेस मरतो. गरम पाण्याने खळखळून धुवा, निथळू द्या आणि सुती कापडाने पुसा. उंच सडपातळ ग्लासपेक्षा मध्ये फुगीर असलेला बरा, वास साठतो. एका वेळी तिसरा हिस्साच ओता. आपल्या दमट हवेत भरलेला ग्लास बघता बघता गरम होतो. चांगली जुनी वाइन दहा-बारा अंशांवर प्यावी, बर्फासारखी गार केली तर चव मिटते.

प्रश्न : सोबत काय द्यावं? – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी, खारे काजू. ‘क्लो दे ग्वास’ एक्स्ट्रा ब्रूट आहे, लिटरला सहा ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही. त्यामुळे श्रीखंडासोबत ती नुसती आंबट लागेल आणि झणझणीत रश्शासोबत तिखट आणखी झोंबेल. उरली तर फेसाळ वाइनसाठीचं दाबाचं झाकण लावून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकते. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही.