ब्रायटलिंगच्या पिरॅमिडमध्ये खरंच माणूस बसलाय का?

नाही, कोणी बसलेलं नाहीये. तुम्ही विचारताय तो पिरॅमिड इंग्लंडमधल्या ससेक्सच्या ब्रायटलिंग गावात आहे, तिथल्या चर्चच्या आवारात. ती जॉन फुलरची कबर आहे, लोक त्याला मॅड जॅक म्हणायचे. त्याने ती स्वतःच 1811 मध्ये बांधून घेतली आणि वारला 1834 मध्ये, म्हणजे वीसेक वर्षं स्वतःच्या कबरीशेजारून ये-जा करत असणार. उंची साधारण 25 फूट, आजूबाजूला गुडघ्याएवढी-कमरेएवढी जुनी थडगी आणि गवत, आणि मध्येच हा टोकदार दगडी डोंगर, फोटो बघूनच दचकायला होतं. गावकरी सांगायचे की आत तो टॉप हॅट घालून टेबलाशी बसलाय, हातात वाइनची बाटली, आणि सैतान आला तर पाय कापावेत म्हणून जमिनीवर काचा पसरल्यात. 1982 च्या दुरुस्तीत कळलं की चारचौघांसारखा जमिनीखालीच पुरलाय.

पण मला त्या गोष्टीपेक्षा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. ससेक्समधलाच बोडियमचा जुना किल्ला पाडला जाऊ नये म्हणून त्याने तो विकत घेतला, आणि रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेला पैसे देऊन केमिस्ट्रीचं प्रोफेसरपद सुरू केलं, त्यावर पहिला नेमला गेला विजेवरच्या शोधांसाठी गाजलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे! मात्र हा पैसा काही अंशी जमैकातल्या मळ्यांचा होता, गुलामांच्या घामाचा, आणि खासदार असताना त्याने गुलामगिरीची उघड बाजू घेतली होती. तिथे गेलात तर पिरॅमिड बघताना हेही सांगा बरोबरच्यांना.