प्रभागांचा आरोग्य-जोखीम निर्देशांक करताय? भारांक सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न मला असा समजला: एमआयडीसीला खेटून असलेलं तालुक्याचं गाव, त्यातले प्रभाग आणि आजूबाजूची काही खेडी, या सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक करायचा आहे. त्यात हवा, पाणी, कचरा असेल. गरिबी, शिक्षण, घर असेल. आणि आजारपणही असेल. कशाला किती टक्के भारांक द्यावा, हे तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवर काम करते. भारांकावरून बैठका रात्री उशिरापर्यंत चाललेल्या पाहिल्या आहेत. पण निर्देशांक चुकतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच, एकक (कोणत्या भागाचा हिशोब मांडायचा) निवडताना आणि निर्देशक (त्या भागात काय काय मोजायचं) निवडताना. म्हणून आधी त्यावर लिहिते.

एककापासून सुरू करू. मुंबईचा एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा भाग घ्या. 2011 च्या जनगणनेत तिथे 8 लाखांहून अधिक लोक होते. 1927 पासून वापरात असलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड, त्याला लागून शिवाजीनगर आणि बैंगणवाडी, पुढे मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती, आणि त्याच वॉर्डात झाडांनी भरलेलं, नीट आखलेलं अणुशक्तीनगर. 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा वॉर्ड शहरात तळाला होता. म्हणजे अणुशक्तीनगर धरूनही सरासरी तळाला. मग बैंगणवाडीचा खरा आकडा काय असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तर जिल्ह्याखाली उतरतच नाही, आणि मुंबईत जिल्हे दोनच. गोवंडी आणि जुहू दोन्ही 'मुंबई उपनगर' या एकाच ओळीत बसतात. जानेवारी 2016 मध्ये देवनारचा कचरा पेटला, धूर दिवसेंदिवस हटेना, तेव्हा तो श्वासात घेणाऱ्यांची वेगळी ओळ कुठल्याच तक्त्यात नव्हती.

म्हणून प्रभाग हे एकक धरू नका. ते निवडणुकीसाठी पाडलेले असतात आणि त्यांच्या हद्दीही बदलत राहतात. आशा ताईंचं कार्यक्षेत्र किंवा अंगणवाडीचं क्षेत्र धरा. ते लहान असतं, तिथल्या घरांची यादी कुणाच्या तरी वहीत असते, आणि वस्तीतल्या बाईला 'आपली अंगणवाडी' कळते, 'प्रभाग क्रमांक अमुक' कळेलच असं नाही.

एकक लहान केलं की दुसरी अडचण येते. एखाद्या खेड्यात वर्षाला 9 जन्म झाले आणि त्यातली 2 बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची निघाली, तर लगेच 22 टक्के. पुढच्या वर्षी असं एकच बाळ असेल तर 11 टक्के. गावात काहीच बदललेलं नसतं. म्हणून तीन ते पाच वर्षांचे जन्म एकत्र करा आणि टक्केवारीसोबत मूळ संख्याही छापा. आणखी एक पाहा. जन्मवजनाच्या रकान्यात बरोबर 2.5 किलो या आकड्याचा ढीग दिसेल. काटा जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण किलोवर वाचायची सवय असते, त्यामुळे सीमेवरची कित्येक बाळं 'ठीक' होऊन जातात. असा ढीग मोठा असेल तर 2.5 ची रेघ सोडून सरासरी वजनाची तुलना करा.

आता निर्देशकाची दिशा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गरिबीच्या मोजमापात 'पक्कं घर' म्हणजे चांगलं. मानखुर्द-गोवंडी भागातल्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजीपी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केला, तो 2018 मध्ये पुढे आला. तिन्हीकडे घरं पक्की, संडास घरात, वीज आहे. पण पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही, वारा खेळत नाही. टीबीचं प्रमाण या दोन वसाहतींत जास्त आणि मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपीत कमी आढळलं. झोपडी जाऊन सिमेंटची खोली आली, कागदावर त्या कुटुंबाची जोखीम उतरली आणि प्रत्यक्षात खोकला वाढला. तुमचा निर्देशांक हे पकडेल का? पकडायचा असेल तर 'घर पक्कं की कच्चं' या रकान्याशेजारी दोन साधे रकाने घाला: दिवसा दिवा न लावता घरात वाचता येतं का, आणि एका खोलीत किती जण झोपतात. प्रत्येक निर्देशकाला हाच प्रश्न विचारा: तुमच्या गावात हा वाढला की धोका खरंच वाढतो की घटतो? 'घरात नळ' हा रकाना असेल, तर पाणी आठवड्यातून किती दिवस येतं हेही हवं. साठवलेल्या पाण्याच्या पिंपात डेंग्यूचा डास वाढतो, आणि नळ तर असतोच.

एकत्र कसं करायचं, हा पुढचा भाग. इथे दोन सरकारी नमुने पाहून घ्या. कॅलिफोर्नियाचं 'कॅल-एन्व्हायरोस्क्रीन' 2013 मध्ये आलं. 2021 च्या चौथ्या आवृत्तीत 21 निर्देशक आहेत आणि राज्यातल्या सुमारे 8,000 जनगणना-विभागांना गुण दिले आहेत. प्रदूषणाचा भार एका बाजूला. दमा, हृदयविकार, कमी जन्मवजन, गरिबी, शिक्षण, बेरोजगारी, घरभाड्याचा ताण असे लोकांचे घटक दुसऱ्या बाजूला. दोन्ही 10 पैकी, आणि मग गुणाकार. अमेरिकेच्या केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेने 2022 मध्ये काढलेल्या पर्यावरणीय न्याय निर्देशांकात 36 घटक होते, पण तिथे पर्यावरण, सामाजिक आणि आरोग्य या तीन भागांची बेरीज केली होती.

फरक हाताने करून पाहा. वस्ती अ: प्रदूषण 9, असुरक्षितता (म्हणजे लोकांच्या घटकांचे गुण) 3. वस्ती ब: दोन्ही 6. बेरीज दोघींची 12, म्हणजे बरोबरी. गुणाकार 27 आणि 36, म्हणजे ब पुढे. दोन्ही ओझी एकाच खांद्यावर असतील तर गुणाकार ते मोठं करून दाखवतो. धूर तोच असला तरी कुपोषित मुलाच्या फुप्फुसावर त्याचा घाव जास्त बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हा विचार मला पटतो. पण वस्ती क बघा: प्रदूषण 1, असुरक्षितता 10. बेरीज 11, गुणाकार फक्त 10. कारखान्यापासून लांबचं, अतिशय गरीब खेडं बेरजेत एकाच गुणाने मागे होतं, गुणाकारात पार तळाशी गेलं. एमआयडीसीकडून हवा-पाण्यासाठी काही मागायचं असेल तर हे चालेल. पण हाच आकडा पोषणाच्या योजनेसाठी वापरलात तर त्या खेड्यावर अन्याय होईल. निर्देशांक कुठल्या निर्णयासाठी आहे ते पहिल्या पानावर लिहा. कॅलिफोर्नियात ते कायद्यानेच ठरलं: 2012 च्या कायद्यानुसार कार्बन सोडण्याच्या परवान्यांच्या लिलावातून येणाऱ्या पैशातला किमान 25 टक्के वाटा वंचित वस्त्यांना लाभेल असा खर्च व्हायचा होता, म्हणून वस्त्या ओळखण्याची गरज पडली.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये 88 औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक काढला. 70 च्या वर गेलेली 43 क्षेत्रं 'अतिगंभीर' ठरली, त्यात चंद्रपूर 83.88 वर होतं. त्या आकड्याचा उपयोग झाला. नव्या उद्योगांवर बंदी आली. पण तो सांगतो औद्योगिक क्षेत्राबद्दल. वीजकेंद्राच्या राखेखाली कोणाचं शेत आहे आणि ते कुटुंब दवाखान्यापर्यंत पोचू शकतं का, हे त्यातून कळत नाही. तुम्ही करताय ते काम नेमकं या उणिवेच्या जागी बसतं.

आजारपणाचे आकडे मात्र फार जपून घ्या. एका ठिकाणी आम्ही सरकारी दवाखान्यातल्या दम्याच्या नोंदी घेतल्या. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली वस्ती सगळ्यात 'निरोगी' निघाली. घरोघरी गेल्यावर कळलं की दवाखान्याच्या वेळेत सगळे कामावर असतात, संध्याकाळी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे इंजेक्शन घेतात आणि नोंद कुठेच होत नाही. जिथे सेवा नाही तिथे आजार कमी दिसतो. हवेच्या यंत्रांचंही तसंच. ज्या वस्तीजवळ मापक नाही, तिच्या रकान्यात शून्य भरू नका, 'माहिती नाही' असं लिहा आणि नकाशावर त्याला वेगळा रंग द्या. टीबी, मृत्यूंची नोंद आणि जन्मवजन हे तीन स्रोत मला त्यातल्या त्यात भरवशाचे वाटतात.

तुमच्या खेड्यांतून ऊसतोडीला लोक जात असतील तर आणखी एक रकाना लागेल. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघालेलं कुटुंब सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतं, उघड्यावर अंघोळ करतं, गरोदर बाईची तपासणी चुकते. तो धोका गावाच्या पत्त्यावर मांडायचा की फडाच्या? मी गावाच्या पत्त्यावर मांडते, आणि 'वर्षातले किती महिने बाहेर' हा स्वतंत्र निर्देशक धरते.

आता भारांक. गरिबी, निरक्षरता, कच्चं घर, मजुरी आणि पिवळं रेशनकार्ड हे पाच रकाने घेतले, तर एकच गोष्ट पाचदा मोजली जाते; भारांक समान ठेवलात तरी प्रत्यक्षात गरिबीला पाचपट मिळतो. एकमेकांसोबत चालणारे रकाने गटात बांधा, गटाची सरासरी काढा, गटांना समान भारांक द्या. मग भारांक दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी बदलून पाहा. ज्या वस्त्या दहाही वेळा वरच्या पाचात येतात, त्यांच्याबद्दल ठामपणे बोला. ज्या आत-बाहेर करतात, त्यांना क्रमांक देऊ नका. पर्सेंटाइलमध्येही, म्हणजे इतरांच्या तुलनेत कितवा क्रमांक यावर गुण देण्यातही, असाच धोका आहे: सगळ्या गावाची हवा सुधारली तरी कोणीतरी शेवटचा असतोच. म्हणून मूळ मोजमापं जपून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी काही सुधारलं का हे सांगताच येणार नाही.

नकाशा लावण्याआधी त्या वस्त्यांमध्ये नेऊन दाखवा. 'धोक्याची वस्ती' असा शिक्का बसला की मुलींची स्थळं मोडतात, खोल्यांची भाडी पडतात, आणि हे ज्यांच्यावर येणार त्यांना आधी विचारलं गेलं पाहिजे. शिवाय चुका तिथेच सापडतात. कोणत्या नाल्याला रात्री रंग येतो हे तुमच्या तक्त्यात नसतं, पण नाल्याकाठच्या प्रत्येक घराला माहीत असतं.

सुरुवात नगरपालिकेच्या जन्मनोंदणीपासून करा: गेली पाच वर्षं, अंगणवाडीनिहाय. सोबत अंगणवाडीतल्या मुलांची वजनं आणि पाणी किती दिवसांनी येतं एवढं मिळवा. लोकसंख्येसाठी 2011 ची जनगणना वापरू नका, ती फार जुनी झाली. आशा ताईंच्या घरयादीवर भिस्त ठेवा. तक्ता झाला की आकडे काढून टाका आणि फक्त रकान्यांची नावं आणि प्रत्येक रकाना कुठून घेतला एवढं इथे टाका. मी एकेक बघून सांगते.